उत्तरासाठी सोडलेली जागा

माझी मुलगी कॅनडात असते. दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो आणि दर रविवारी आमचं एकदा तरी वाजतं. मी तिला काही विचारते आणि गप्प बसते. ती उत्तर देते, तरी मी आणखी दोन क्षण गप्पच. मग तिकडून आरडाओरडा सुरू होतो, "आई, नेट गेलं का? तू हँग झालीयेस!"

मी चांगली ठणठणीत असते. समोरच्याला आणखी काही म्हणायचंय का, याची वाट बघत असते. बोलताना दुसऱ्यासाठी थोडी जागा सोडायची, ही सवय मला लहानपणी लखनौला लागली. ती कुणी लावली आणि त्या जागेत घुसून मी केवढा मोठा गुन्हा केला, ते आज सांगून टाकते. चाळीस वर्षं उलटून गेलीत. आता मला कोण पकडणार?

बाबा साताऱ्याचे, आई मिरजेची आणि मी हजरतगंजच्या मागच्या गल्लीतली. बाबा एका प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ होते, म्हणून आमचं बिऱ्हाड तिकडे. घरात आईबाबा मराठीत बोलायचे आणि मी हिंदीत उत्तरं द्यायची. आई म्हणायची, "मराठीत बोल." मी म्हणायची, "बोल तो रही हूँ." आई कपाळाला हात लावायची. हे रोजचं.

सत्तरचं दशक संपता संपता बाबा वर्षभर जर्मनीला जाऊन आले आणि येताना टेपरेकॉर्डर घेऊन आले. जपानात बनलेला, जर्मनीत विकत घेतलेला, मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबानं उलटासुलटा करून पाहिलेला आणि पुढे रेल्वेच्या वरच्या बर्थवर बाबांच्या उशाशी झोपून लखनौला पोचलेला. आमच्या घरात इतका फिरलेला दुसरा कुणीच नव्हता. आईनं त्याला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं. त्याच्यावर घालायला पांढऱ्या मलमलीचं, चिकनच्या भरतकामाचं झाकण आलं, ते खालच्या मजल्यावरच्या खालांनी करून दिलं. म्हणजे जपानी यंत्राला लखनवी ओढणी. ती काढल्याशिवाय गाणंसुद्धा लावायचं नाही, असा आईचा दंडक होता.

खाला म्हणजे मावशी. मी त्यांना खालाजान म्हणायची. त्या विधवा होत्या, उंच, गोऱ्या, पान खाऊन ओठ लाल झालेल्या, आणि घरबसल्या चिकनचं काम करायच्या. चौकातला एक व्यापारी कापड पाठवायचा, खाला त्यावर पानंफुलं भरायच्या, आणि तो माल धुऊन, कडक इस्त्री होऊन कुठे कुठे जायचा ते खालांना कधी कळायचं नाही. त्यांना एकच मुलगा. मी त्याला भाईजान म्हणायची. अमीनाबादेत एका शिंप्याकडे तो कपडे शिवायचा. मग ओळखीतल्या कुणीतरी त्याला कुवेतला नेलं.

तिकडून पत्रं यायची. खालांना उर्दू छान वाचता यायचं, पण पत्र वाचून झालं की त्या ते उलटं करून बघायच्या, मागे काही राहिलं असेल म्हणून. "इसमें आवाज नहीं है," एकदा आईला म्हणाल्या. आईनं तेवढं ऐकलं आणि बाबांना कामाला लावलं. बाबांनी भाईजानला पत्र लिहिलं, आमच्याकडे यंत्र आहे, तू कॅसेट भरून पाठव.

पहिली कॅसेट आली ती लखनौजवळच्या मलिहाबादच्या एका गृहस्थांच्या खिशातून. ते कुवेतला नोकरी करायचे आणि सुट्टीवर घरी येत होते. त्या काळी आमच्याकडे पोस्टापेक्षा अशा खिशांवर लोकांचा जास्त विश्वास होता.

त्या संध्याकाळी खाला आमच्याकडे आल्या त्या ईदेचे कपडे घालून. डोक्यावरचा दुपट्टा नीट केला. यंत्रासमोरच्या खुर्चीवर ताठ बसल्या. आईनं चहा आणला, तेव्हा त्यांनी आपला कप यंत्रापुढे थोडा सरकवला आणि मग, आपण काय केलं ते ध्यानात येऊन, दुपट्ट्यात तोंड लपवून हसल्या. बाबांनी बटण दाबलं.

"अम्मी, अस्सलाम आलेकुम."

"वालेकुम अस्सलाम, मेरा बच्चा, जीते रहो, अल्लाह तुम्हें..."

पण भाईजान पुढे गेला होता. तो सांगत होता की तो पोचला, जागा मिळाली, खोलीत सहा जण आहेत. खाला म्हणत होत्या की खातोस काय. तो म्हणत होता की ऊन फार. खाला म्हणाल्या, डोक्याला काही बांधत जा. तो म्हणाला, दुकानाचा मालक भला माणूस आहे. पाचव्या वाक्याला खालांचा चेहरा उतरला.

"डॉक्टरसाहब," त्या बाबांना म्हणाल्या, "यह तो सुनता ही नहीं. दो महीने में तमीज भूल गया."

बाबा रसायनाचे डॉक्टर होते, पण खाला त्यांना आपला गुडघाही दाखवायच्या. आता त्यांनी मुलगाही दाखवला. बाबांनी समजावलं, हे आधी बोलून ठेवलेलं आहे, त्याला तुमचं ऐकू जात नाही. खालांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वह तो मैं समझती हूँ. मगर ठहर तो सकता है."

उत्तराची कॅसेट बाबांनी हजरतगंजमधून कोरी विकत आणली. लाल बटण आणि काळं बटण एकदम दाबायचं, हे काम मी मागून घेतलं. खालांनी त्यात खुशाली सांगितली, गुडघा सांगितला, गल्लीतल्या चार लग्नांची बातमी दिली आणि शेवटी आवाज करडा करून म्हणाल्या, "और सुनो. जब माँ से बात करो, तो माँ को भी बोलने दिया करो."

त्या मुलानं काय केलं असेल? दुसरी कॅसेट आली, खाला पुन्हा ईदेच्या कपड्यांत बसल्या, बटण दाबलं गेलं.

"अम्मी, अस्सलाम आलेकुम."

आणि शांतता. नुसती खरखर. मागे कुठेतरी शिवणाच्या मशीनचा आवाज, रस्त्यावरचा एक हॉर्न. खाला दचकल्या. मग हळूच म्हणाल्या, "वालेकुम अस्सलाम. जीते रहो."

"आपकी तबीयत कैसी है?"

पुन्हा शांतता. खालांनी आमच्याकडे पाहिलं. असा आनंद मी त्याआधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता, नंतरही फार वेळा नाही. मग त्यांनी यंत्राकडे तोंड करून सगळं सांगितलं. गुडघा किती दुखतो, रात्री झोप कशी लागत नाही, हकीमसाहेबांचं तेल कसं कुचकामी निघालं.

"अल्हम्दुलिल्लाह," भाईजान म्हणाला, "सुनकर बहुत खुशी हुई."

आई तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली. बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. खाला एक क्षण रागावल्या आणि मग अशा हसल्या की पानाचा तोबरा सांभाळता सांभाळता डोळ्यांतून पाणी आलं. "नालायक! घुटना सुनकर खुशी हुई इसे!"

बाबांच्यातला शास्त्रज्ञ मात्र जागा झाला होता. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि भाईजानची शांतता मोजायला सुरुवात केली. तब्येतीसाठी वीस सेकंद. शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी पूर्ण मिनिट. "आईला ओळखून आहे पोरगा," बाबा आईला म्हणाले.

त्याच कॅसेटमध्ये त्यानं आपल्या कामाबद्दल सांगितलं. अरबांचे पायघोळ पांढरे अंगरखे शिवायचे. कापड जपानहून येतं, मशीनही जपानची, कापणारा कराचीचा, बटणं लावणारा केरळचा, इस्त्रीवाला इजिप्तचा आणि शिवणारा हा लखनौचा. "यहाँ सब अपनी अपनी जबान में गाली देते हैं, अम्मी, और सब समझते हैं." खाला म्हणाल्या, "तुम मत देना." त्यानं तेवढी जागा बरोब्बर सोडली होती, आणि मग म्हणाला, "नहीं, मैं नहीं देता."

पुढे त्याचा आवाज थोडा बदलला.

"अम्मी, यहाँ बाजार में एक बड़ी दुकान है. उसके शीशे में मैंने आपके हाथ का कुर्ता देखा."

शांतता.

खाला कुजबुजल्या, "कैसे पहचाना?"

"पत्ती की नोक पर आप आखिरी टाँका उल्टा मारती हैं. और कोई नहीं मारता." थोडं थांबून म्हणाला, "दुकानदार हाथ नहीं लगाने देता. काम पर जाते हुए बाहर से देख लेता हूँ."

चौकातल्या व्यापाऱ्याचा माल कुठे जातो ते खालांना असं कळलं. त्या यंत्राच्या झाकणाकडे बघत बसल्या. मीही वाकून पाहिलं. प्रत्येक पानाच्या टोकाला शेवटचा टाका उलटा होता. रोज ते झाकण मी काढत-घालत होते, मला कधी दिसला नव्हता.

ऐकून झालेल्या कॅसेट खाला पानदानाच्या खालच्या कप्प्यात ठेवायच्या. त्या कॅसेटना वेलदोडा आणि कात यांचा वास लागला होता. भाईजानचा आवाजच तसल्या वासाचा आहे, असं मला कितीतरी दिवस वाटायचं.

मग तिसरी कॅसेट आली.

भाद्रपद जवळ आला होता आणि आमच्या घरात माझ्या नाट्यछटेची धामधूम चालू होती. लखनौतली मराठी कुटुंबं मिळून गणपती बसवायची, त्यात कुणी प्रयोगशाळेतले, कुणी विद्यापीठातले, बरेचसे छावणीतले लष्करी अधिकारी. मुलांसाठी मराठी बोलण्याची स्पर्धा असायची आणि परीक्षक म्हणून एक निवृत्त कर्नल बसायचे, त्यांचा सगळा जीव "ळ" या अक्षरावर होता. लखनौत वाढलेल्या पोरांचा ळ हमखास ल व्हायचा. मागच्या वर्षी मी "बाल गंगाधर टिलक" म्हणाले होते आणि कर्नलसाहेबांनी पेन खाली ठेवलं होतं. म्हणून यंदा आईनं स्वतः एक छटा लिहिली, किल्लेदाराच्या बायकोची. उशिरा आलेल्या परक्या स्वाराला ती दरवाज्यावरून दटावते. तीत आईनं ळ इतके पेरले होते की बोलताना जीभ टाळूला चिकटायची.

अशात ही कॅसेट. तिच्यात भाईजाननं नेहमीची खुशाली विचारली, नेहमीच्या जागा सोडल्या, आणि मग म्हणाला, "अम्मी, एक बात पूछनी है. मालिक कहते हैं, तीन साल का कागज और लिख दो. दुकान बड़ी हो रही है, मुझे कटिंग मास्टर बना देंगे. आप बताइए. रुक जाऊँ, या लौट आऊँ?"

आणि शांतता. खालांनी लगेच हात वर केला. "रोकिए, डॉक्टरसाहब."

बाबांनी यंत्र थांबवलं. "पुढे ऐका की," ते हिंदीत म्हणाले. "पुढे तो काय म्हणतो ते..."

"न, न. अब बोलने की बारी मेरी है. जवाब दिए बगैर आगे की कैसे सुन लूँ?" त्या उठल्या. "कल आऊँगी. इसे हाथ मत लगाइएगा. बात बीच में है."

त्या जिना उतरून गेल्यावर आई भाजी निवडत म्हणाली, "मुलगा परत हवाय त्यांना."

"मग तसं सांगायचं," बाबा म्हणाले. "सोपं आहे."

"काय सोपं? त्याला थांबायचं असेल तर? त्याच्या मनात काय आहे ते कळल्याशिवाय त्या स्वतःचं सांगायच्या नाहीत. आणि त्यांच्या मनात काय आहे ते कळल्याशिवाय तो सांगायचा नाही. पोरगं कुणाचं आहे?"

"मग यातून मार्ग काय?"

"काही नाही. दोघं एकमेकांसाठी दार धरून उभे राहणार. तीन वर्षं."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर आई सब्जी आणायला गेली होती. घरात मी, आरसा, आईचा जरीचा जुना शालू आणि ओढणी घातलेलं ते यंत्र. माझा ळ मला कसा ऐकू येतो ते बघायचं होतं. कोऱ्या कॅसेट बाबांच्या कपाटात कुलपात. मी यंत्राचं झाकण काढलं. कॅसेट तशीच आत होती, बात बीच में.

माझं डोकं वकिलाचं होतं. मी बटण दाबून ऐकलं. नुसती खरखर. ही खालाजानची बोलायची जागा, बरोबर. पण खालाजान त्यात काही भरणार थोड्याच आहेत? त्या समोर बसून हवेत बोलणार. म्हणजे ही जागा बिनवापराची. मी ती जरा वेळ वापरली, आणि काम झाल्यावर तोंड मिटून तेवढीच शांतता पुन्हा भरून ठेवली, तर कुणाचं काय बिघडलं? शांतता काय, कुणाचीही सारखीच.

शालू कमरेला खोचला. लाल आणि काळं, दोन्ही बटणं दाबली. आणि मी जी सुटले!

एकदा म्हणून समाधान होईना. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा तर मी किल्ल्याच्या दरवाज्यावरच पोचले होते, मागे मशाली होत्या, खाली दरीत घोडे खिंकाळत होते. छटा संपवून आरशाला मुजरा केला आणि बटण बंद करायचं राहिलंच होतं, ते केलं. मग आपला पराक्रम ऐकावा म्हणून मागे फिरवलं. ळ झकास होता, तिन्ही वेळा. आणि माझ्या तिसऱ्या गर्जनेच्या शेपटाला, अगदी जवळून, भाईजानचा आवाज आला.

"...अपना खयाल रखिएगा, अम्मी. खुदा हाफिज."

बस. त्यापुढे कॅसेट संपली.

 भाईजाननं शांतता सोडली होती ती फार तर दीडेक मिनिटाची. मी तिच्यातून पार पलीकडे गेले होते. त्या शांततेनंतर तो जे काही बोलला होता, ते माझ्या किल्लेदारणीनं गिळलं होतं. ते जगात कुणी ऐकलेलं नव्हतं. खालांनीसुद्धा.

जिन्यावर आईच्या चपला वाजल्या. शांतता भरायला वेळ उरला नव्हता. मी कॅसेट अंदाजानं मागे फिरवली, ओढणी घातली आणि गणपतीला साकडं घातलं. खाला येतील तेव्हा वीज घालव. लखनौत ही काही मोठी मागणी नव्हती.

गणपती पावला. संध्याकाळी खाला आल्या, खुर्चीत बसल्या, आणि वीज गेली. मी मनातल्या मनात एकवीस मोदक कबूल केले. बाबा म्हणाले, "हरकत नाही, सेलवर चालतो," आणि ड्रॉवरमधून सहा सेल काढून एकेक करून बसवले. मेणबत्ती लागली. माझ्या मोदकांचं काय झालं, ते गणपतीला ठाऊक.

खाला रात्रभर झोपल्या नसाव्यात. डोळे सुजलेले होते. "मैंने सोच लिया है," त्या आईला म्हणाल्या. "आज कायदा तोड़ूँगी. पहले उसकी पूरी बात सुनूँगी. जिधर उसका जी होगा, मैं भी वही कह दूँगी. वह खुश रहे."

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी बटण दाबलं.

"...रुक जाऊँ, या लौट आऊँ?"

खरखर. एक, दोन, तीन सेकंद. खाला पुढे झुकल्या. आणि मग मेणबत्तीची ज्योत हलेल अशा आवाजात जपानी यंत्र कडाडलं:

"थांब! पाऊल पुढे टाकशील तर याद राख! दरवाजा उघडायची वेळ टळली आहे! आल्या वाटेनं माघारी वळ!"

बाबांच्या हातून चष्मा पडला. आई जागच्या जागी पुतळा झाली. स्वतःचीच वाक्यं, स्वतःचेच ळ. छटा दुसऱ्यांदा सुरू झाली. कुणाला ते बंद करायचंही सुचेना. तिसरी झाली. "...अपना खयाल रखिएगा, अम्मी. खुदा हाफिज." खट्. बटण आपोआप वर आलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. अंधारात लपायलाही जागा नव्हती, मेणबत्ती माझ्याच बाजूला होती.

"मैंने समझा खाली है," मी म्हणाले आणि भोकाड पसरलं. "मैं बाद में चुप भर देने वाली थी!"

आई उठली ती माझा कान धरायलाच. खालांनी तिचा हात अडवला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीसारखाच.

"बिटिया क्या कह रही थी, पहले यह बताइए. बड़े जोश में थी."

आईची अशी पंचाईत मी कधी पाहिली नव्हती. ती अडखळत म्हणाली, "कुछ नहीं, नाटक का है. कह रही है कि... दरवाजा बंद हो गया है. वापस जाओ."

खालांनी मान डोलावली. मग माझ्याकडे वळल्या.

"किसने बंद किया?"

"मैंने," मी हुंदका देत म्हणाले.

"तो खोलो भी तुम्हीं." त्यांनी मला जवळ ओढलं, दुपट्ट्याच्या टोकानं माझं नाक पुसलं आणि बाबांना म्हणाल्या, "डॉक्टरसाहब, कोरी वाली लगाइए. बटन यही दबाएगी."

बाबांनी कपाट उघडलं. मी दोन्ही बटणं दाबली. 

"बेटा," खाला म्हणाल्या, "तुम्हारी आखिरी बात मशीन खा गई. कसूर मेरा है, गलत बटन मुझसे दब गया."

मी वर पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मैंने सोचा था, तुम्हारा जी किधर है, यह सुनकर जवाब दूँगी. अब वह तो मिट गया. अब मुझे मालूम ही नहीं, तुम क्या चाहते हो. तो आज तुमसे पूछे बगैर अपनी कहती हूँ." त्या थांबल्या.  "आ जाओ. कटिंग मास्टर यहाँ बन जाना, न बने तो न सही. मेरी सुई में अब धागा नहीं जाता, कोई डालने वाला चाहिए. आ जाओ, मेरे बच्चे."

आणि त्या गप्प झाल्या. मला वाटलं, झालं. कॅसेट फिरत होती. मी बटणं उगाचच दाबून धरली होती, बोटं दुखायला लागली होती.

"बंद करूँ, खालाजान?"

"श्श," त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "उसे बोलने दो."

आम्ही चौघं त्या मेणबत्तीभोवती बसून भाईजानला बोलू देत होतो. बाबांनी घड्याळ काढलं नाही. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मध्येच वीज आली, पंखा फिरायला लागला, तरी कुणी हललं नाही.

मलिहाबादचे गृहस्थ ती कॅसेट घेऊन गेले. नाट्यछटेत माझा दुसरा नंबर आला. कर्नलसाहेब म्हणाले, ळ उत्तम, पण आवाजात दम नाही. दम कुठून असणार? "माघारी वळ" म्हणताना मला भाईजान दिसायचा. रोज शाळेतून आल्यावर मी आधी खाली जायची, काही निरोप आला का विचारायला. खाला सुई माझ्याकडे द्यायच्या, मी दोरा ओवून द्यायची. दोघीही त्या विषयावर बोलायचो नाही. भाईजानची शेवटची बात काय असेल, हे मात्र मला झोपेतही छळायचं. त्याला थांबायचंच असेल तर? माझ्यामुळे खालांनी उगाच त्याला अडकवलं असेल तर?

थंडी सुरू झाली तेव्हा, एका दुपारी, रिक्षातून तो उतरला. खोकं, बॅग, खांद्याला लटकलेला स्वतःचा टेपरेकॉर्डर. गल्ली गोळा झाली. खाला दारात आल्या.

"अम्मी, अस्सलाम आलेकुम," भाईजान म्हणाला. आणि थांबला.

सवय! त्यानं जागा सोडली. आम्ही सगळे खालांकडे बघत होतो. आणि त्या बाईला, जी यंत्राशी मिनिटभर न थांबता बोलायची, एक अक्षर फुटेना. तो थांबूनच राहिला. घाई नव्हती त्याला. शेवटी त्यांनी नुसता हात पुढे केला आणि त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.

खोक्यातून अत्तर निघालं, घड्याळ निघालं, आईसाठी साबण, बाबांसाठी कोऱ्या कॅसेट. आणि सगळ्यात खाली कागदात गुंडाळलेला पांढरा कुर्ता. त्या दुकानाच्या काचेतला. खालांनी तो उलटा करून डोळ्यांजवळ नेला, पानाच्या टोकाचा उलटा टाका पाहिला, आणि म्हणाल्या, "पगला. इतनी दूर से मेरा ही माल मुझे ला दिया." मग म्हणाल्या, "और इस्त्री देखो कैसी खराब की है."

संध्याकाळी त्यांनी हौसेनं मुलाला तिसरी कॅसेट ऐकवली. माझ्या गर्जनेला भाईजान खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. "अम्मी, आपने तो कहा था बटन आपसे दबा!" खाला पान लावण्यात गढून गेल्या होत्या. "मुझी से दबा था," त्या म्हणाल्या.

मी त्याला जिन्यात गाठलं. "भाईजान, उसके बाद क्या बोला था तुमने? जो मिट गया?"

तो पायरीवर बसला. आत आवाज जात नाही ना ते पाहिलं.

"मैंने कहा था, ठीक है अम्मी, जैसा आपका हुक्म. तीन साल और रुक जाता हूँ."

"मगर खालाजान ने तो रुकने को कहा ही नहीं था!"

"हाँ. पर मैंने सोचा, यही कहेंगी. अपने लिए उन्होंने कभी कुछ माँगा है?" तो हसला, पण डोळे हसत नव्हते. "वह सुन लेतीं, तो समझतीं मैं रुकना चाहता हूँ. और मैं समझता, वह चाहती हैं. उनसे मत कहना."

मी नाही सांगितलं. खाला असेपर्यंत त्यांनी आपल्याच मनाशी धरलं होतं की कटिंग मास्टर व्हायला मुलाला थांबायचं होतं आणि त्यानं आपल्यासाठी ते सोडलं, आणि त्याचं त्यांना थोडं वाईटही वाटायचं आणि थोडा अभिमानही. आज पहिल्यांदा हे लिहिते आहे.

ती कॅसेट त्यांनी कधी पुसू दिली नाही. बाबांनी तिचे मागचे दोन प्लास्टिकचे दात मोडून टाकले, म्हणजे पुन्हा कुणी त्यावर काही भरू नये. शास्त्रज्ञ असून हे आधी कसं सुचलं नाही, म्हणून ते बरेच दिवस स्वतःवर चिडलेले होते. ईदेला पाहुणे आले की खाला पानदानातून ती काढायच्या आणि भाईजानच्या यंत्रावर लावायच्या. सगळ्या गल्लीला माझी छटा पाठ झाली होती, ळसकट.

आणि भाईजान? अमीनाबादेतल्या त्याच्या स्वतःच्या दुकानातून संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा मी जिन्यात दबा धरून बसलेली असायची. त्याचा पाय उंबऱ्याशी आला की मी वरून ओरडायची, "थांब!" तो एक पाय हवेत उचलून तसाच उभा राहायचा, हातात भाजीची पिशवी, आतून खालांच्या हाका. मी "दरवाजा उघडला" म्हणेपर्यंत तो पाय खाली टेकवायचा नाही. मी मुद्दाम वेळ लावायची. तोही हलायचा नाही.